याबाच्या डॉ. ओलुकोयांबद्दल, लेकीला

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू ज्या सुरात विचारलंस, त्यावर तिथल्या तिथे दोन वाक्यांत बोलणं मला बरं वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुझ्या प्रयोगशाळेतली लागोसची मैत्रीण आठवडाभर तुझ्या शेजारच्या टेबलावर जेल चालवते, म्हणजे डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करते, आणि रविवारी ज्या ख्रिस्ती मंडळीत जाते तिथे तासन्‌तास मोठ्या आवाजात प्रार्थना चालते, दुष्टात्म्यांना निघून जायची आज्ञा दिली जाते. त्या मंडळीचा संस्थापक स्वतः रेणवीय आनुवंशिकीत पीएचडी झालेला आहे हे तिच्याकडून कळल्यावर तुला धक्का बसला. "प्लाझ्मिडवर काम केलेला माणूस भुतं काढायला लागला, म्हणजे त्याचं विज्ञान मुळातच वरवरचं असणार," असं तू म्हणालीस. मला हे पटलेलं नाही. त्या माणसाचं नाव मला मंडळीमुळे नव्हे, सूक्ष्मजीवशास्त्राच्या नियतकालिकांमुळे माहीत आहे. वर्गात प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू शिकवताना ते मी घेतलेलं आहे.

डॅनियल कोलावोले ओलुकोया यांचा जन्म १९५७ चा, नैर्ऋत्य नायजेरियातल्या अकुरेचा. म्हणजे त्यांचा देश स्वतंत्र झाला तेव्हा ते तीन वर्षांचे होते. शाळा लागोसच्या मेथडिस्ट बॉईज हायस्कूलमध्ये झाली. पुढे लागोस विद्यापीठातून १९८० मध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी त्यांनी प्रथम श्रेणीत घेतली. तिथून इंग्लंडला रेडिंग विद्यापीठात गेले आणि १९८४ मध्ये रेणवीय आनुवंशिकीत डॉक्टरेट करून परतले. ते परतले, हे नीट लक्षात घे. त्या काळात तिकडे शिकायला गेलेले किती तरी नायजेरियन तिकडेच राहत होते, आणि राहण्याची कारणं खरी होती. हे परत आले आणि लागोसच्या याबा भागात नायजेरियन इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये कामाला लागले.

याबाचा इतिहास तुला ठाऊक असावा असं मला वाटतं. १९२० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या पीतज्वर मंडळाने तिथेच तळ दिला होता. एड्रियन स्टोक्स नावाचा आयरिश डॉक्टर तिथे पीतज्वरावर काम करत असताना १९२७ मध्ये त्याच तापाने गेला. आजची ती संशोधन संस्था आपली सुरुवात त्या मंडळापासून मोजते. म्हणजे रोगाला हात घालणं म्हणजे काय, हे जिथे माणसांनी जीव देऊन शिकून घेतलं, त्या जागी ओलुकोया बसत होते. जनुकं वेगळी करून त्यांच्या प्रती काढायचं, म्हणजे जीन क्लोनिंगचं काम त्या संस्थेत उभं करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. हे काम १९८० च्या दशकातल्या लागोसमध्ये करायचं म्हणजे काय, याची कल्पना तुला तुझ्या आजच्या टेबलावरून येणार नाही. डीएनए कापणारी विकरं उणे २० अंशांत ठेवावी लागतात, ती परदेशातून परकीय चलन मोजून आणावी लागतात, आणि तिथली वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसायचा.

१९९० मध्ये त्यांचा आणि एका सहकाऱ्याचा मिळून शिगेलावर एक निबंध आला. शिगेला म्हणजे रक्ती आमांशाचा जिवाणू, हे तुला सांगायला नको. नायजेरियातल्या रुग्णांकडून मिळालेले शिगेला घ्यायचे, कोणत्या प्रतिजैविकाला कोणता बधतो ते पाहायचं, आणि प्रत्येकात प्लाझ्मिड किती आणि केवढ्या आकाराचे आहेत ते जेलवर पट्ट्या मोजून लिहायचं. वाचायला रुक्ष काम. पण त्याचा अर्थ काय होतो बघ. प्लाझ्मिड हे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं लहानसं कडं. औषधाला न जुमानण्याची जनुकं बऱ्याचदा त्याच्यावर बसलेली असतात, आणि ते कडं एका जिवाणूतून शेजारच्या जिवाणूत जाऊ शकतं. म्हणजे दवाखान्यात डॉक्टर नेहमीची गोळी देतो, पोर बरं होत नाही, आणि का होत नाही ते त्या पट्ट्यांमध्ये असतं. स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जिवाणूवरही त्यांनी याच पद्धतीने काम केलं. त्यांच्या नावावर ७० हून अधिक शोधनिबंध सांगितले जातात. वरवरचं विज्ञान असलेला माणूस इतकी वर्षं पट्ट्या मोजत बसत नाही, मनू.

मला मात्र त्यांचं वेगळंच काम सगळ्यात आवडतं. ओगी तुझ्या मैत्रिणीने लहानपणी नक्की खाल्ली असेल. मका, ज्वारी किंवा बाजरी एक-दोन दिवस, कधी तीन दिवस भिजवतात, ओली वाटतात, गाळतात, आणि खाली बसलेला साका आंबू देतात. मग ते पाण्यात शिजवून आंबूस पेज करतात. बाळाचं दूध सुटायला लागलं की नायजेरियातल्या घरोघरी हेच पहिलं अन्न. यात अडचण अशी की कोंडा गाळून टाकताना प्रथिनंही जातात, आणि पेज पातळ असते. नेमक्या याच वयात मुलांना हगवण लागते. ओलुकोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आंबवण्यातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू हाती घेतले. १९९३ मध्ये जर्मन संशोधकांबरोबरचा त्यांचा निबंध आहे, ओगीतल्या आणि फुफूतल्या लॅक्टोबॅसिलसच्या जातींवर. फुफू म्हणजे तिकडचा आंबवलेल्या कसाव्याचा, एका कंदाचा, गोळा. या जाती दुसऱ्या जिवाणूंना मारणारी प्रथिनं तयार करतात. त्यापुढचं पाऊल सरळ होतं: असे गुणाचे जिवाणू निवडायचे, त्यांचं विरजण लावून ओगी आंबवायची, म्हणजे बाळाचं जेवणच हगवणीला आवर घालायला मदत करील. या सुधारलेल्या ओगीला त्यांनी 'डॉगिक' नाव दिलं, आणि तो निबंध बालरोगांच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात १९९४ मध्ये छापून आला.

मी त्याच्यावर इतकं रेंगाळले, कारण त्यात एक फार मोठी समज आहे. घरातल्या बाईला नवं काही आणायला सांगायचं नाही. ती जे पिढ्यान्‌पिढ्या करते आहे तेच तिने करायचं, फक्त त्यातला अदृश्य भाग विज्ञानाने नीट करून द्यायचा. अशी कल्पना सुचायला प्रयोगशाळेबाहेरची माणसं डोळ्यांसमोर असावी लागतात.

आता वर्षं जुळवून बघ. १९८९ मध्ये याबातल्या आपल्या घरी त्यांनी प्रार्थनेची बैठक भरवायला सुरुवात केली. मंडळीच्या स्वतःच्या इतिहासात पहिल्या बैठकीला २४ माणसं होती असं लिहिलेलं आहे. शिगेलाचा निबंध त्यानंतरचा. १९९४ मध्ये त्या बैठकीची रीतसर मंडळी झाली, 'माउंटन ऑफ फायर अँड मिरॅकल्स मिनिस्ट्रीज', आणि त्याच वर्षी मंडळीने याबातल्याच ओनिके भागात, लागोस विद्यापीठाच्या एका फाटकाजवळ, आपलं बस्तान बसवलं. डॉगिकही १९९४ चीच. तू समजतेस तसा, विज्ञान सोडून धर्माकडे वळल्याचा एक दिवस या आयुष्यात सापडत नाही. निदान पाच वर्षं तरी एकाच माणसाच्या आठवड्यात जेल होती, विरजण होतं आणि बैठकही होती. पूर्णवेळ पाळक ते पुढे झाले.

ते १९९४ साल तिथल्या माणसांसाठी कसं होतं? १९८५ मध्ये एका डॉलरला एक नायराही पडत नव्हता. १९८६ मध्ये सरकारने जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या धर्तीवर आर्थिक फेररचना सुरू केली, नायरा घसरत गेला, आणि १९९४ मध्ये सरकारी दरानेच एका डॉलरला जवळजवळ २२ नायरा मोजावे लागत होते. पगार तेच. प्राध्यापकांचे संप, विद्यापीठं बंद. १९९३ च्या जूनमध्ये लोकांनी मतं दिली आणि लष्कराने ती निवडणूकच रद्द केली. नोव्हेंबरात जनरल अबाचा यांनी सत्ता घेतली. १९९४ च्या उन्हाळ्यात तेल कामगारांनी संप केला आणि तेल विकणाऱ्या त्या देशात पेट्रोलसाठी रांगा लागल्या. अशा लागोसमध्ये खेड्यातून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी बाई डोळ्यांसमोर आण. पोर आजारी आहे, नवऱ्याचा पगार थकला आहे, गावचे नातलग पैसे मागताहेत. तिच्या पोराची हगवण आवरायला मदत करू शकेल असं विरजण याबातल्याच एका प्रयोगशाळेत तयार आहे. ते तिच्या पातेल्यापर्यंत कोण आणणार? कारखाना, सरकारी आरोग्यखातं, गाड्या, शीतपेट्या, पगार मिळणाऱ्या परिचारिका, यांतलं काही ना काही मध्ये लागतं. शोधनिबंध आणि घरातली चूल यांच्यातलं हे अंतर कुठल्याही देशात मोठंच असतं. त्या वर्षी तिथे ते फार मोठं होतं. प्रार्थनेच्या बैठकीला मात्र मध्ये काहीच लागत नव्हतं. एक खोली आणि आवाज पुरे होता.

ओलुकोया तिकडे का वळले हे त्यांच्या मनातलं. ते मी सांगू शकत नाही आणि सांगणार नाही. पण लोक त्यांच्याकडे का वळले, हे मला समजतं. तुझा प्रश्न संस्थापकाविषयी होता. मला वाटतं, आधी समोर बसलेल्या माणसांविषयी विचारावं.

शिवाय ते एकटे नव्हते. लागोस विद्यापीठातच गणित शिकवणारे विल्यम कुमुयी यांनी १९७३ मध्ये १५ जणांचा बायबल अभ्यासाचा गट सुरू केला, त्यातून 'डीपर लाइफ' ही अवाढव्य मंडळी उभी राहिली. इनॉक अडेबोये यांनी त्याच विद्यापीठातून १९७५ मध्ये उपयोजित गणितात डॉक्टरेट केली, आणि १९८१ मध्ये ते 'रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड'चे प्रमुख झाले. ती मंडळी १९५२ मध्ये जोसाया अकिंदायोमी यांनी स्थापन केली होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची योरुबा भाषेतली प्रवचनं इंग्रजीत सांगायचं काम तरुण अडेबोये करत. निरक्षर संस्थापकाने आपल्यामागे गणिताच्या प्राध्यापकाला बसवलं, यावरून त्या समाजात शिक्षणाला काय मान होता ते कळतं. नव्याने शिकलेल्या पिढीला इंग्रजीत बोलणारा, हिशेब ठेवणारा, तरीही पवित्र आत्म्यावर न लाजता बोलणारा माणूस हवा होता. विद्यापीठांनी तो पुरवला.

आणि त्याच्याही मागे जोसेफ आयो बाबालोला आहेत. यांच्याबद्दल तुझ्या मैत्रिणीला जरूर विचार, ती भरभरून बोलेल. हा माणूस सरकारी बांधकाम खात्यात रस्ते दाबायचा रोलर चालवत होता. १९२८ मध्ये काम करत असताना देवाने आपल्याला हाक दिली असं त्यांनी सांगितलं आणि नोकरी सोडली. १९३० मध्ये इलेशा गावी त्यांच्या सभांना माणसांचे लोंढे लोटले. औषधं नाहीत, गंडेदोरे नाहीत, फक्त प्रार्थना आणि प्रार्थना केलेलं पाणी. योरुबा मुलखातली प्रार्थनेची ही परंपरा ओलुकोया यांच्या जन्माआधीच पक्की झालेली होती, आणि अकुरे इलेशाहून फार दूर नाही. म्हणून रेडिंगहून परतलेला माणूस अचानक काही परकं करू लागला असं समजू नकोस. घरच्या हवेत जे होतं तेच त्यांनी हाती घेतलं.

पण घेतलं ते आपल्या पद्धतीने, आणि इथे मला त्यांच्यातला प्रयोगशाळेतला शिक्षक दिसतो. ही मंडळी स्वतःला 'आपली लढाई आपण लढायला शिकवणारी' म्हणवते. आधार १४४ व्या स्तोत्राचा, जिथे परमेश्वर हातांना लढाई आणि बोटांना युद्ध शिकवतो. पाळकाने डोक्यावर हात ठेवायचा आणि भक्ताने खाली मान घालून बसायचं, असा प्रकार तिथे मुख्य नाही. प्रार्थना क्रमांक घालून छापलेल्या असतात. कोणत्या अडचणीला कोणत्या प्रार्थना, किती दिवस, उपास कसा, कोणती वचनं आधी वाचायची, सगळं लिहून दिलेलं. माणसाने ते घरी नेऊन रात्री उठून स्वतः करायचं. दरवर्षी ७० दिवसांची उपास-प्रार्थना असते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी लागोस–इबादान महामार्गावरच्या 'प्रेअर सिटी'त प्रचंड सभा भरते. ज्या बाईला घरमालक, साहेब, सासर, पोलीस, कुणासमोरच आवाज चढवता येत नाही, तिला तिथे ओरडायला जागा मिळते, ओरडायला शब्द मिळतात, आणि तिच्या शेजारी तेच शब्द ओरडणारी शेकडो माणसं असतात. याने काय होतं ते तू आणि मी, दोघीही बायका, समजू शकतो.

आता माझी अडचण सांगते, कारण तिच्याशिवाय हे पत्र अर्धं राहील.

प्रयोगशाळेत शिगेला वाढवलेल्या ताटलीवर औषधाची चकती ठेवली की तिच्याभोवती जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ पडतं किंवा पडत नाही. ताटली कुणाचं तोंड बघत नाही. ज्याने चकती ठेवली त्याची श्रद्धा कमी पडली म्हणून वर्तुळ पडलं नाही, असं कुणी म्हणत नाही. मंडळीत साक्षीच्या वेळी, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायच्या वेळी, मात्र जो बरा झाला तो पुढे येऊन ध्वनिक्षेपक हातात घेतो. जो बरा झाला नाही तो घरी असतो, किंवा गेलेला असतो, त्याची साक्ष कधी होत नाही. प्रार्थना फळली तर देवाची कृपा. फळली नाही तर उपास कमी पडला, पाप लपून राहिलं, शत्रू अजून ओळखला गेला नाही. अशा मांडणीत 'नाही' हे उत्तर यायला दारच ठेवलेलं नसतं. साध्या भोळ्या माणसाकडून मी याची अपेक्षा करत नाही. तुलनेसाठी वेगळा गट का ठेवायचा हे ज्याला झोपेतही सांगता येईल, त्याच्याकडून मी करते. ओलुकोया यांच्याबद्दल मला आदर आहे म्हणूनच ही गोष्ट मला लागते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. या परंपरेत संकटाचं मूळ पुष्कळदा घरातल्या शत्रूत, पूर्वजांच्या शापात, घराण्याने आत्म्यांशी केलेल्या करारात शोधतात. लागोसमध्ये एकट्या पडलेल्या माणसाला याने आपल्या दुःखाचा अर्थ लागतो हे खरं. पण शत्रू घरातला म्हटला की बोट कुणाकडे वळतं? एकट्या म्हाताऱ्या आत्याकडे, सावत्र मुलाकडे, घरात सगळ्यांत दुबळ्या असलेल्याकडे. नायजेरियाच्या आग्नेय भागात, अक्वा इबोम राज्यात, लहान मुलांना चेटूक करणारी ठरवून घराबाहेर काढण्याचे प्रकार इतके झाले की २००८ मध्ये तिथे मुलांच्या हक्कांचा कायदा करून असा आरोप करणं गुन्हा ठरवावं लागलं. तो दोष मी ओलुकोया यांच्या मंडळीवर ठेवत नाही. पण अदृश्य शत्रूविषयी रोज मोठ्याने बोलणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कितीही सज्जन असो, आपले शब्द घरी पोचल्यावर कुणाच्या डोक्यावर पडतात याची काळजी वाहिली पाहिजे. प्लाझ्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात कसं जातं हे जो जाणतो, त्याला शब्द कसे पसरतात हे कळायला कठीण नाही.

बाकीचं थोडक्यात. त्यांनी २०१५ मध्ये 'माउंटन टॉप युनिव्हर्सिटी' सुरू केली, आणि मंडळीतली जी मुलं विद्यापीठात प्रथम श्रेणी मिळवतात त्यांना ते बक्षिसं देतात. मंडळीने फुटबॉल संघसुद्धा उभा केला. तो २०१७ मध्ये नायजेरियाच्या पहिल्या दर्जाच्या साखळीत दुसरा आला आणि २०१८ मध्ये आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला. मला यातली प्रथम श्रेणीची बक्षिसं महत्त्वाची वाटतात. आत्म्यांशी लढायला शिकवणारा माणूस त्याच व्यासपीठावरून पोरांना सांगतो की परीक्षेत पहिले या. तुझी मैत्रीण परदेशी प्रयोगशाळेपर्यंत आली यात तिच्या हुशारीबरोबर अशा एखाद्या टाळ्यांच्या कडकडाटाचाही हात असू शकेल. तिच्या आयुष्यात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या नाहीत. तुला त्या तशा दिसतात, म्हणून तिने रोज तुला खुलासे द्यावेत असं नाही.

तिने तुला रविवारी बोलावलं आहे, आणि जावं का असं तू विचारलंस. जा. पोशाखाचं तिला आधी विचार. त्या मंडळीत स्त्रिया डोकं झाकतात आणि पँट घालत नाहीत, तेव्हा लांब स्कर्ट आणि ओढणी जवळ असू दे. फोन पिशवीतच ठेव, कुणाचं चित्रण करू नकोस. माणसं रडतील, काहीजण जमिनीवर पडतील. त्यांच्याकडे टक लावून बघू नकोस आणि मान फिरवूही नकोस. तुझ्यासाठी कुणी प्रार्थना करायला आलं आणि तुला नको असेल तर हात जोडून नको म्हण, कुणाला वाईट वाटणार नाही. बाहेर पडल्यावर लगेच वाद घालू नकोस. पण कुणी आजारी माणूस 'गोळ्या बंद केल्या' म्हणाला, तर तिथे मात्र गप्प बसायचं नाही. त्याला, किंवा तुझ्या मैत्रिणीला बाजूला घेऊन, स्पष्ट सांगायचं की प्रार्थना चालू ठेवा आणि गोळ्याही चालू ठेवा. ती स्वतः प्रतिजैविकांवर काम करते, अर्धवट सोडलेल्या औषधाने काय होतं हे तिला तुझ्याइतकंच माहीत आहे. यात ती तुझ्या बाजूने उभी राहील असं मला वाटतं.

आणि तुझ्या स्वतःच्या कामाचं. गेल्या वेळी तू म्हणालीस की निबंध एकदा छापून आला की तुझं काम संपलं. डॉगिकचा निबंध तुला पाठवते आहे, तो वाच, मग आपण बोलू. तुझ्या प्रबंधातल्या जिवाणूंचं पुढे कोण काय करणार, ते कुणाच्या हाती पडायला हवं, त्या माणसाला तू कधी भेटली आहेस का, हे मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. मार्गदर्शकांना काय वाटतं ते नको, तुला काय वाटतं ते.

तुझ्या मैत्रिणीला माझा आशीर्वाद सांग. तिच्या आईकडे ओगी मक्याची करतात की ज्वारीची, आणि आंबवायला आधीच्या ओगीचं पाणी घालतात की ते आपोआप आंबू देतात, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. पुढच्या फोनला तिला जवळ बसव.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई